खारबांधाची रेघ

निकेतचं काम ऐकायला सोपं होतं: वेबवरच्या नकाशात रस्त्यांच्या रेघा किती जाड दिसाव्यात ते ठरवायचं. नकाशा दूर नेला की हायवे तेवढा उरावा, गल्लीबोळ गडप व्हावेत. जवळ आणला की बाकीचे एकेक करून उगवावेत आणि जाड होत जावेत. उरणच्या खाडीकाठी घरात बसून तो पुण्या-नागपूरचे रस्ते बारीक-जाड करायचा, आणि त्याच्या आईला, कमळला, हा सगळा पोरखेळ वाटायचा.

गावाच्या बाबतीत मात्र त्याने हात सैल सोडला होता. घरामागे बंद पडलेली मिठागरं आणि त्यांच्यामधून पोर्टकडे जाणारा, खाडीचं पाणी अडवणारा मातीचा खारबांध. मिठागरवाल्यांची पोरं बांधालाच रस्ता समजतात. शाळा, लग्न, मयत, सगळं बांधावरूनच. म्हणून निकेतने त्या रेघेला सरळ डांबरी रस्त्याची जाडी दिली. मीठ पिकत होतं तोवर लोक दरवर्षी बांधावर चिखल चढवायचे. आता ते कोण करणार? गेल्या पावसाळ्यात बांधाला खांड पडली, मधला तुकडाच वाहून गेला, आणि पोर्टवरून बाइकने घरी येणारा त्याचा थोरला भाऊ विपुल तिथेच भरतीच्या पाण्यात गेला.

तेरावं झालं आणि दिवेलागणीला बांधावर बाइकचा दिवा दिसू लागला. खांडीवरून तो सरळ यायचा आणि मागच्या दारापाशी विझायचा. कमळ दार उघडं ठेवायची. निकेतला भीती वाटायची, आणि दिवा आला की बरंही वाटायचं, हे खरं.

मग पार्सल पोचवणारा अनंता नकाशा बघत बांधावर शिरला आणि खांडीत पडला. पाय मोडला, जीव वाचला. बातमी कळली त्याच दुपारी त्याने बांधाची रेघ सगळ्या झूमवरून काढून टाकली.

त्या संध्याकाळी दिवा खांडीपलीकडेच थांबला. दुसऱ्या दिवशीही. पुढे येईना, मागे जाईना.

"तो तिथंच उभा हाय," कमळ म्हणाली. "त्याला वाट दिसत न्हाय. तू काय केलंस रं?"

निकेतने सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त तिने जेवण सोडलं. त्याचा जीव टांगणीला लागला. रेघ परत आणली तर उद्या आणखी कुणाचं पोर बुडेल. न आणली तर आपला भाऊ कायमचा पाण्यापलीकडे. शेवटी त्याने धंद्यातली युक्ती केली. रेघ आणली, पण फक्त शेवटच्या झूमवर, जिथवर कुठलाही ड्रायव्हर नकाशा ताणत नाही. रंग ठेवला चिखलाचा आणि जाडी केसाएवढी.

दिवेलागणीला दिवा हलला. अगदी सावकाश खांड ओलांडून आला आणि दारापाशी विझला. निकेत आईच्या मागे उभा होता. या वेळी विपुल स्वतः उंबऱ्यात आला. उंची तीच, शर्ट तोच, अंगाला खाडीचा वास. पण रुंदीला तो सुतळीएवढाच होता. कपाळ, डोळे, ओठ, सगळं त्या सुतळीत बसवलेलं. हे आपणच केलं, हे निकेतला कळलं.

कमळने पदराने डोळे पुसले.

"किती बारीक झालास रं पोरा," ती म्हणाली, आणि भाकर वाढायला आत गेली.