पिवळ्या फ्रॉकचे डाग

सानगडीत मंजुषाची छोटी बालवाडी होती. दर शनिवारी ती मुलांना रंग द्यायची. सलग दोन शनिवार गुड्डी आली नाही, तेव्हा सुट्टी झाल्यावर मंजुषा तिच्या घरी गेली.

गुड्डीची आई रीता अंगणात धान वाळवत होती. मंजुषाला पाहून ती आत गेली आणि पिवळा फ्रॉक घेऊन आली. मावशीच्या लग्नासाठी शिवलेला. गुड्डीने हट्टाने तो बालवाडीत घालून नेला होता, आणि समोरून तो हिरवा, लाल, जांभळा झाला होता. रीताने तो गरम पाण्यात भिजवला होता, ब्रशने घासला होता. डाग हलले नव्हते. लग्न नऊ दिवसांवर आलं होतं.

"आता तिले शनिवारी नाही पाठवत, म्याडम," रीता म्हणाली.

गुड्डी दाराआडून ऐकत होती. मंजुषाने फ्रॉक मागून घेतला.

घरी तिने उजेडात नीट पाहिलं. लाल डाग मेणाच्या खडूचा, हिरवा पाण्याच्या रंगाचा, जांभळा स्केचपेनचा. तिन्हींना एकच उपाय चालणार नव्हता. लाल डागाच्या वर-खाली कोरा कागद ठेवून तिने बेताची गरम इस्त्री फिरवली. मेण वितळून कागदाला लागलं. लाल निघेपर्यंत ती कागद बदलत राहिली. हिरव्यासाठी भांड्यांच्या साबणाचं थंड पाणी केलं, दोनदा बदललं, कापड उलट्या बाजूने चोळलं. तोही गेला.

जांभळा मात्र सॅनिटायझर लावताच पसरला. मग तिने खाली जुना पंचा घातला आणि चोळणं सोडून कापसाने नुसतं टिपायला सुरुवात केली, कडेकडून मधे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. दुसऱ्याच्या पोरीसाठी एवढं कायले, असं सासूबाई देवकाबाईंनी विचारलं. रंग आपणच दिले होते, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी ती फ्रॉक घेऊन गेली.

"सगळं नाही निघालं," तिने आधीच सांगितलं. झालरीजवळ बोटभर फिकट जांभळं उरलं होतं.

रीताने कापड उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. कसं काढलं ते विचारलं. मंजुषाने अंगणातच बसून सगळं सांगितलं, गरम पाण्याने शाईचा डाग घट्ट बसतो हेही.

"म्हंजे गरम पाण्यानं मीच पक्का केला व्हय," रीता म्हणाली. तिने सुईदोरा आणला आणि तेवढी जागा झालरीच्या चुणीत घेतली.

गुड्डी तोच फ्रॉक घालून लग्नात नाचली.

पुढच्या शनिवारी ती विटका झगा घालून आली. हिरव्या रंगात बोटं बुडवताना बाही भरली, तशी ती थांबली आणि मंजुषाकडे पाहू लागली.

"काढ चित्र," मंजुषा म्हणाली. "मी आहे."