मनुबाईचं रान कुणाखाली

सोमवारी पाणी सुटणार होतं आणि त्याआधी वारलेल्या वडिलांचं, अण्णांचं, नाव बंद करायचं काम चंदनाच्याच हातात होतं. सकाळपासून ती लॅपटॉपसमोर बसत होती आणि उठत होती. चहा ठेवला, तो उतू गेला. गॅलरीतले कपडे काढले, घड्या घातल्या, मोडल्या, पुन्हा घातल्या. अजिंक्यताऱ्याकडं बघत उभी राहिली. काय बघितलं ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

दुपारी बिराप्पाचा फोन आला. सांगलीपलीकडच्या तिच्या माहेरगावातल्या पाणीसंस्थेचा तो सचिव.

"ताई, रामगोंडा आण्णा अजून चालूच दाखवतंय. त्येंच्या नावानं झडप उघडली तर बाकीचे सभासद मला सोडतील व्हय?"

"करते."

"मागल्या आठवड्यातबी करतेच म्हणाला हुता."

संस्थेचं हे सॉफ्टवेअर तिनंच लिहून दिलं होतं, अण्णांच्या हट्टापायी. रचना झाडासारखी. बुडाला नदीवरची जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून मोठा नळ, नळावर चेंबर, चेंबरातून एकेका सभासदाचा फाटा आणि फाट्यावर रानं. कुठल्याही रानाचा पत्ता बुडापासून लिहायचा : जॅकवेल / चेंबर तीन / रामगोंडा / मळा. शोधायचं तरी याच पत्त्यानं, बदलायचं तरी याच पत्त्यानं. वाटेतला एक टप्पा बंद झाला की त्याखालचं सगळं बंद. नियम तिचाच. लिहिताना तो तिला फार नेटका वाटला होता.

तिनं आधी यादीच्या नकलेवर करून बघितलं. मळा आणि नदीकडचं रान धाकट्या भावाच्या, भरतेशच्या, नावाखाली हलवलं. अण्णांचा टप्पा बंद केला. मग विचारलं, सोमवारी पाणी कुणाकुणाला? उत्तर आलं, त्यात मनुबाईचं रान नव्हतं.

'मनुबाई, कुठंही असो' असं विचारलं की रान लगेच सापडत होतं. पण सापडणं वेगळं आणि पाणी पोचणं वेगळं. झडप उघडायला बुडापासून अख्खी वाट मोकळी लागते, आणि मनुबाईची वाट अण्णांमधून जात होती.

"मनुबाईला माझ्याखाली घाल," सॉफ्टवेअर लिहिताना अण्णा शेजारी खुर्ची ओढून म्हणाले होते.

"ती सभासद नाही, अण्णा."

"म्हणूनच माझ्याखाली."

नळ टाकताना तो मनुबाईच्या रानातून न्यावा लागला होता. तिचा नवरा आकाराम फौजेत, पार सीमेवर; सभासद होण्यासाठी संस्थेचा शेअर घ्यायच्या वेळी गावात नव्हता. त्यानं फोनवरून "खणा खुशाल" एवढंच सांगितलं, भरपाईचं नावही काढलं नाही. त्यावर अण्णा बोलून गेले, तुझ्या रानाला पाणी माझ्या वाट्यातलं. आकाराम वारला तरी ते पाणी चालूच राहिलं.

तिनं भरतेशला फोन लावला.

"मनुबाईंचं रान तुझ्याखाली घालू का रे?"

"आक्का, आण्णांचा शब्द आण्णांबरोबर गेला. माझी हळद हाय, ऊस हाय. मी कुणाकुणाला वाटू?"

"नळ तिच्या रानातनं जातो, भरतेश."

"मग उपटून टाक म्हणावं." तो स्वतःच हसला. "ते राहू दे. हक्कसोडाच्या सहीला कवा येतीस? वकील विचारतोय."

अण्णांनंतर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली होती. बहिणीनं यायचं, सही करून आपला हिस्सा भावाला सोडायचा आणि साडीचोळी घेऊन परत जायचं, ही घराघरातली रीत. चंदनानंही तेच धरलं होतं. रानाचं तिला काय करायचं होतं?

फोन ठेवून ती घरभर फिरली. मग पुन्हा बिराप्पाला लावला.

"सभासदाच्या जागी कोण येऊ शकतं?"

"सातबाऱ्यावर नाव असंल तो वारस. का वो?"

"माझं आहे."

"हाय की. पर तुमी सोडणार न्हवं?"

"नाही," ती म्हणाली. तोंडातून शब्द गेल्यावरच तिला ते कळलं.

"भरतेश माझी सालटी काढंल, ताई."

"माझी काढेल. नियमात बसतं का तेवढं सांगा."

"बसतंय. पर सभासदानं चेंबरातला गाळ काढाया सोता यायचं. गडी पाठवल्याला चालत न्हाई. तुमच्या आण्णांचाच ठराव."

"येईन."

बातमी भरतेशपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

"आक्का, बिराप्पा म्हणतोय ते खरं?"

"खरं. रान तूच कस. निम्मं पाणी माझ्या नावावर राहील, त्यातून मनुबाईंना देईन."

"आज पाण्यापुरतं. आन उद्या?"

"उद्याचं मला ठाऊक नाही रे."

त्यानं फोन कट केला.

ती बसली. मळा आणि नदीकडचं रान खऱ्या यादीतही भरतेशखाली हलवलं. मनुबाईसाठी आधी नवा टप्पा उभा केला : जॅकवेल / चेंबर तीन / चंदना. मग मनुबाईचं रान त्याखाली आणलं. उलट क्रमानं केलं असतं तर मधल्या वेळात मनुबाई कुणाचीच उरली नसती. राहिले अण्णा. 'रामगोंडा, कुठंही असो' एवढं लिहून भागलं असतं. संस्थेत दुसरा रामगोंडा नव्हता. पण तिनं पूर्ण पत्ता लिहिला, जॅकवेलपासून, एकेक टप्पा घेत. आणि बंद केलं. एक नोंद बदलली, एवढंच पडद्यावर उमटलं.

सोमवारी मनुबाईचा फोन आला.

"आलं गं बाई पाणी. तुज्या नावानं आलंय म्हनं?"

"हो, काकी."

"मग गाळ काढाया साताऱ्यासनं तू येनार व्हय? खोरं कुठल्या हातात धरत्यात ठावं हाय का?"

"अण्णांचं खोरं असेल घरी."

"त्ये भरतेश देतोय व्हय आता! आमच्या मालकांचं हाय, त्ये घे. आन जेवाया माझ्याकडंच ये. तुमी जैन, कांदा-लसूण घालनार न्हाई. तुज्या आण्णास्नी करत हुते तसंच करीन."

गाळ काढायला अजून बराच अवकाश होता. तरी चंदना उठली आणि प्रवासाची बॅग कुठं ठेवलीय ते शोधू लागली.