अकरा नियम आणि एक आवतण

अहो, पंख्याकडे काय बघताय? इकडे बघा, दाराशेजारच्या खिळ्यावर. मी बोलतेय, नियमावली. छापलेली अकरा कलमं, वर ठळक मथळा, खाली मंदाकिनीबाईंची सही. अक्षर चांगलं मोठं आहे, चष्मासुद्धा लागायचा नाही. तरी मेलं कोणी वाचत नाही, ही माझी जुनी रड.

माझा जन्म १९९९च्या जानेवारीतला, ठाण्याच्या वर्तकनगरातला. मंदाकिनीबाईंनी चांगली नोकरी सोडून घराच्या पुढच्या खोलीत इंटरनेटचा धंदा मांडला होता. लोकांची वेबपानं त्या आपल्या संगणकावर ठेवायच्या, म्हणजे जगात कुठूनही कोणी ती उघडून बघावीत. शिवाय प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ईमेलची पेटी. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीकडून लाइन घेतलेली. कंपनीने आधीच बजावलं होतं, "तुमच्या गिऱ्हाइकांनी नसते उद्योग केले, तर अख्खी लाइन तोडू."

म्हणून बाईंनी एका रविवारी बसून मला लिहिलं. किरकिऱ्या प्रिंटरमधून मी बाहेर आले, कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडल्या, मग स्टेशनजवळ नेऊन मला प्लास्टिकचं आवरण चढवलं. काय रुबाब होता माझा! घाणेरडं काही ठेवू नका, दुसऱ्याचे फोटो न विचारता उचलू नका, दुसऱ्याच्या पेटीत डोकावू नका. सातवं कलम: अनोळखी लोकांना एकगठ्ठा पत्रं पाठवू नका. आणि अकरावं, माझं लाडकं: नियम मोडेल त्याचं खातं तिथल्या तिथे बंद!

पण वाचतंय कोण? गिऱ्हाईक यायचं आणि पहिला प्रश्न, "सही कुठे करू?" हरिहरराव म्हणून एक ज्योतिषी होते. पासवर्ड कोणाला सांगू नका, हे माझं चौथं कलम. या गृहस्थांनी आपला पासवर्ड विसरायला नको म्हणून बॉलपेनने माझ्याच कोपऱ्यात लिहून ठेवला! सांगा, काय बोलायचं?

अख्ख्या वर्तकनगरात मला नीट ऐकून घेणारा माणूस एकच भेटला, आणि तोही वर्तकनगरचा नव्हे. कोलशेतचे गोमाजी कोळी. मार्चमध्ये ते बायको मनुबाई आणि मुलगी सरस्वती यांना घेऊन आले. सरस्वतीने संगणकाचा कोर्स केलेला. मे महिन्यात तिचं लग्न, त्याचं पान ठेवायचं होतं.

"सही करतो बाय, पन आधी वाचून दाखवा. काय लिवलंय ते समजाया नको?" गोमाजी म्हणाले.

मी इतकी सुखावले! बाई वाचत गेल्या, ते मान डोलवत गेले. सातव्या कलमाला थांबले. "अनोळखी म्हंजे कोन?"

"आपण ज्यांना ओळखत नाही ते."

"आवतन दिलं का वळख जालीच की."

बाई हसल्या. मीही हसले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

पानाचं खरं कारण मनुबाईंनी सांगितलं. त्यांचा भाऊ नामा, लाँचच्या इंजिनांचा मिस्त्री. नऊ वर्षांपूर्वी एका लग्नात त्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं, एवढ्यावरून रुसून जो आखातात गेला, त्याचं पत्र नाही की पत्ता नाही. "पोरीला मांडवात मामाच आनतो ना ओ? मामाबिगर कशी आनू तिला?" एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. जगातून कोणीही पान बघू शकतं ना? मग नामा पण बघेल, हा त्यांचा हिशेब.

तीन आठवडे गेले. पान बघितलं कोणी? वरपक्षाने आणि हरिहररावांनी. गोमाजी वैतागले. "आवतन दारात नेऊन द्यायचं असतं. आपल्याच भिंतीवर लावून कोन येनार?" त्यांच्या गावात लग्नाचं आवतण घरटी फिरतं. एक घर चुकलं तरी वर्षभर बोलणं ऐकावं लागतं. मग सरस्वतीने आखातातल्या मराठी मंडळांच्या, गोद्यांच्या, कारखान्यांच्या पानांवरून मिळतील तेवढे पत्ते गोळा केले. दोन हजार तीनशे! आणि एका दुपारी, बाई जेवायला आत गेलेल्या असताना, इथल्याच संगणकावरून सगळ्यांना एकच आवतण धाडून दिलं. माझ्या डोळ्यांदेखत! मी ओरडले हो, पण कागदाचा आवाज तो किती?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कंपनीचा फोन आला. "एकतीस तक्रारी आहेत. संध्याकाळी सहाच्या आत ते खातं बंद करा, नाहीतर तुमची लाइन बंद." पाठोपाठ फॅक्सवर तक्रारींची लांबलचक सुरळी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कधी नव्हे ते माझी अंमलबजावणी होणार होती. अकरावं कलम, अकरावं कलम, असा माझा आतल्या आत घोष चालला होता. बाईंनी निरोप धाडून तिघांना बोलावून घेतलं. सरस्वती रडवेली झाली होती.

"माझ्याकडे चाळीस जणांची पानं आहेत, गोमाजी. लाइन गेली तर सगळ्यांची जातील. मला तुमचं खातं बंद करायलाच हवं."

मनुबाईंनी हळूच विचारलं, "पेटी बंद केल्यावर नामाचं पत्र आलं तर?"

"आल्या पावली परत जाईल."

"मंग तो पुन्ना नाय लिवायचा. मी वळखते ना त्याला."

बाईंचा हात माउसवरच राहिला. माझा घोषही बंद पडला. कायदा तो कायदा, पण त्या माउलीच्या तोंडाकडे बघवेना.

गोमाजी उठले. "बाय, एकतीस घरं रुसली. रुसल्या घरी आपल्या पायांनी जावं लागतं. सहा वाजायचेत अजून. मना एकेकाचं नाव सांगा."

बाईंनी कंपनीला फोन लावला. "सहापर्यंत वेळ दिलीय ना तुम्ही? मग सहापर्यंत थांबा." सरस्वती टाइप करायला बसली. गोमाजी सांगायचे, ती इंग्रजीत उतरवायची. सगळ्यांना एकच नाही बरं का, प्रत्येकाला वेगळं माफीचं पत्र. ज्याचं मशीन अडकलं त्याला तसं, ज्याचं महत्त्वाचं पत्र आमच्या गर्दीत हरवलं त्याला तसं. शेवटी मात्र सगळ्यांना, "राग सोडा आनि हळदीला या." बाईंनी सगळ्यांपुढे पोहे ठेवले, त्यांना हात लावायला सवड कोणाला?

तेविसावी तक्रार निघाली आणि सरस्वती थांबली. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी, आणि रागाच्या भरात थेट कंपनीच्या तक्रारींच्या पत्त्यावर धाडलेली. तिथल्या साहेबाला ती कळली नव्हती, त्याने आपली तक्रारींत मोजून टाकली होती. सरस्वतीने मोठ्याने वाचलं, "दोन हजार लोकांना जे आवतण, तेच मामाला? मामाला असं बोलावतात काय? मी येणार नाही. नामा, मस्कत."

मनुबाई ताडकन उठल्या. मग अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी. "ह्योच! ह्योच माझा भाऊस! नऊ वर्सांनी तोंड उघडलं ते पन भांडायला!"

मग त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "लिव. ह्ये त्याच्या एकट्याच्या नावानं. नामा, मी मनुबाय बोलते. तुझी भाची मांडवाच्या दारात उभी राहील. तू हात धरल्याबिगर पाऊल टाकनार नाय. पयल्या पंगतीत पयलं पान तुझं."

पावणेसहाला कंपनीचा फोन आला. माफीची पत्रं पोचली होती आणि बऱ्याच जणांनी तक्रार मागे घेतल्याचं कळवलं होतं. एकाने तर हळदीला जेवण काय असतं, असंही विचारलं होतं म्हणे. "राहू द्या खातं. पण पुन्हा असं नको," साहेब म्हणाले. बाई धपकन खुर्चीत बसल्या आणि गार पोह्यांचा बकाणा भरला.

नामाचं उत्तर सकाळी आलं. एकच ओळ, "येतो. पहिली पंगत विसरू नका."

तेव्हा माझे डोळे उघडले. सातवं कलम लाइनच्या भल्यासाठी आहे, एवढंच मी समजून चालले होते. गठ्ठ्यात बोलावलेलं कोणालाच आवडत नाही, हे मला त्या रुसव्या मिस्त्रीने शिकवलं. बाईंनाही ते पटलं असावं. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि मार्करने खाली बारावं कलम लिहिलं: ज्याला बोलवायचं, त्याला नावानं बोलवा.

लग्नाच्या आठवडाभर आधी गोमाजी पत्रिका घेऊन आले. बाईंना वेगळी, हरिहररावांना वेगळी. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "हिलाबी देतो. हिच्या या सातव्या कलमानंच मनुबायच्या भावाला गाठून दिलं." माझ्या सातव्या कलमाला त्यांनी हळदीचं बोट लावलं, आणि खिळ्याला एक पत्रिका अडकवली. वर लिहिलेलं, नियमावलीबाई, वर्तकनगर. जन्मात पहिल्यांदा मला कोणी नावानं बोलावलं होतं. मी रडले. प्लास्टिकवर काही दिसलं नाही, एवढंच.

आता डिसेंबर लागलाय. माझं प्लास्टिक पिवळं पडलंय, एक कोपरा उसवलाय. बाई दर शनिवारी माझ्यावरची धूळ पुसतात, पण ते हळदीचं बोट तेवढं सोडून. नामामामा आला होता, भाचीला मांडवात घेऊन गेला, आणि पहिल्या पंगतीत बसून मिठाची तक्रार केली, असं कळलं.

सही करण्याआधी मला वाचा हो. सगळी अकरा जमत नसतील, तर शेवटचं हाताने लिहिलेलं तरी वाचा. आणि जाताना तुमचं नाव सांगून जा. पुढच्या वेळी "अहो" म्हणणार नाही.