सभाखोलीतला फळा आणि बसवाल्या बाई

आजवर सगळ्यांनी माझ्या अंगावर लिहिलं आणि मी निमूटपणे लिहू दिलं. आज थोडं मला बोलू द्या. मी एक लाकडी फळा. चर्चच्या मागे सभाखोली आहे, तिथे खिडकीशेजारी मी राहतो.

मंडळीतल्याच, म्हणजे या चर्चला येणाऱ्या लोकांतल्याच, एका सुतारकाकांनी मला घडवलं. दोन फळ्यांचा सांधा त्यांनी इतका घासला की खडू आजही कुठे अडखळत नाही. मला केलं होतं ते संडे स्कूलसाठी. तेव्हा मुलांचे चार वर्ग भरायचे आणि 'आज फळा कुणाला?' यावरून शिक्षिकांची दर रविवारी जुंपायची. आपल्यासाठी कुणी भांडतंय हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

मग कापडाचा कारखाना बंद पडला. माणसं कामाच्या मागे गेली. चार वर्गांचे दोन झाले, दोनाचा एक, आणि एके दिवशी मला भिंतीकडे तोंड करून टेकवून ठेवलं ते ठेवलंच. माणसांची एक गंमत आहे. वस्तू लागेनाशी झाली की ती टाकून देत नाहीत, तिच्यावर दुसरी वस्तू ठेवतात. माझ्यावर कोट टांगले गेले, छत्र्या अडकवल्या गेल्या.

त्या काळात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळाच्या सभा मी पाठमोरा ऐकायचो. चर्चचे तरुण धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि सहा पंच. सभा दर महिन्याची, बोलणं तेच. छत गळतंय. माणसं येत नाहीत. हल्लीच्या पोरांना श्रद्धा उरली नाही. हे शेवटचं वाक्य हेडमास्तरांचं. ते शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच, आणि त्यांच्या आवाजापुढे बाकीचे आपोआप विद्यार्थी व्हायचे.

एका सभेत पाळकसाहेबांनी पाहुण्या आणल्या. या बाईंनी तीस वर्षं शहर बससेवेचे मार्ग आखले होते. निवृत्त झाल्यावर त्या निरनिराळ्या चर्चच्या पंचांबरोबर बसून पुढच्या वर्षांचा विचार करायला मदत करत.

हेडमास्तर म्हणाले, "बाई, चर्च म्हणजे बसचा डेपो नव्हे."

"नाहीच," बाई हसून म्हणाल्या. "डेपोत निदान प्रवासी का आला नाही, हे विचारतात तरी."

कुणीतरी खोकल्यात हसू लपवलं. बाईंनी माझ्यावरचे कोट उतरवले, मला फिरवलं आणि ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. कितीतरी वर्षांनी मला खोली दिसली.

त्यांनी माझ्यावर चर्चमधले बाक काढले, ओळीनं. मग विचारलं, "दहा वर्षांपूर्वी इथे कोण कोण बसायचं?" पंच हौसेनं सांगू लागले. बघता बघता मी नावांनी भरलो. "आता जे येत नाहीत त्यांच्याभोवती गोल करा आणि शेजारी कारण लिहा." गोल भराभर झाले. कारण सगळीकडे एकच लिहिलं गेलं: श्रद्धा कमी.

बाई म्हणाल्या, "हे कारण नाही, हा प्रगतिपुस्तकातला शेरा झाला. घरी जाऊन विचारून या. समजवायला जायचं नाही, फक्त ऐकायचं."

दोन आठवड्यांनी पंच परत आले ते जरा वेगळेच दिसत होते. एका नर्सला रविवारी सकाळची पाळी असे. एका आजोबांना आणायला कुणी नव्हतं. एक जोडपं यायचं थांबलं होतं, कारण त्यांचं तान्हं रडलं तेव्हा पुढच्या बाकावरून कुणीतरी मागे वळून पाहिलं होतं. ते वळून पाहणारे पंचांमधलेच एक बांधकामवाले होते. त्यांनी मान खाली घालून तेही सांगितलं.

हेडमास्तरांचा कागद कोरा होता. सगळ्यांचं झाल्यावर ते उठले, खडू घेतला आणि स्वतःच्या नावाशेजारी लिहिलं, 'माझी बायको'. तिच्याभोवती गोल केला.

"तिचे गुडघे दुखतात असं मी दोन वर्षं सांगतोय," ते माझ्याकडे तोंड करूनच बोलले. "गुडघे ठणठणीत आहेत. ती विसरते. उपासना चालू असताना उठते, मोठ्यानं बोलते. लोक बघतात. म्हणून मी आणत नाही. शेजारीण तिच्यापाशी बसते, आणि मी इथे येऊन इतरांच्या श्रद्धेचं माप काढतो."

खडू तसाच टेकलेला होता. 

बाईंनी सांत्वन केलं नाही. विचारलं, "त्यांना काय आवडतं?"

"गाणी. माणसं विसरते, गाण्याचा एक शब्द विसरत नाही."

"आणि बरं कधी वाटतं?"

"दुपारी. जेवणानंतर तासभर."

"मग लिहा," बाई म्हणाल्या. हेडमास्तरांनी लिहिलं: बुधवार, दुपारी तीन, अर्धा तास, फक्त गाणी.

तिथून खरं काम सुरू झालं. बाईंनी तीन रकाने आखायला सांगितले. गाव असंच रिकामं होत गेलं तर काय करू? नवं रुग्णालय झालं आणि बाहेरची माणसं आली तर काय करू? तिसरा रकाना कोराच. "यात काय लिहायचं?" पाळकसाहेबांनी विचारलं. "जे आपल्या कुणाच्याच डोक्यात आलेलं नाही ते. त्याच्यासाठी जागा ठेवायची."

सोडण्याच्या गोष्टीही त्यांनी लिहायला लावल्या. बांधकामवाल्या पंचांचं उंच मनोऱ्याचं स्वप्न होतं, त्यांनी ते स्वतःच्या हातानं पुसलं आणि त्या जागी दाराशी उतार करायचं लिहिलं, पायऱ्या न चढता आत येता यावं म्हणून. प्रत्येक कामापुढे एकाचं नाव आणि तारीख. बाई स्वतः मात्र त्यानंतर माझ्यावर एक अक्षरही लिहीत नव्हत्या. "मी जाणार," त्या म्हणत. "अक्षर तुमचं राहू दे." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वर्षभरानं त्या निरोप घेऊन दुसऱ्या एका मंडळीकडे गेल्या.

सगळं जमलं असं नाही. रविवारी न जमणाऱ्यांसाठी शनिवारी संध्याकाळी उपासना ठेवली, तिला सहा आठवडे तीनच माणसं आली. पंचांनी त्या नर्सला विचारून ती मंगळवारी नेली, मग बाक भरू लागले. रुग्णालय झालंच नाही, एक मोठं गोदाम झालं. तिथल्या कामगारांची नावं तिसऱ्या रकान्यात गेली.

गाण्यांच्या पहिल्या बुधवारी सभाखोलीत अकरा जण आले. हेडमास्तर बायकोला हाताला धरून उतारावरून घेऊन आले. दुसऱ्या गाण्याला ती उठली, मोठ्यानं गाऊ लागली, आणि कुणीच वळून पाहिलं नाही, कारण सगळेच मोठ्यानं गात होते. गाणं संपल्यावर तिनं शेजारी बघितलं.

"तुमचा आवाज छान आहे हो. कोण तुम्ही?"

हेडमास्तरांनी हातातलं गाण्यांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "आता दर बुधवारी येणार आहे इथे. तुमच्या शेजारी बसलो तर चालेल ना?"

"बसा की," ती म्हणाली.

आता बुधवारी इतकी माणसं येतात की खुर्च्यांना जागा व्हावी म्हणून मला उचलून व्हरांड्यात ठेवतात. माझी तक्रार नाही. योजना माणसांसाठी असते, तेव्हा माणसं आली की फळ्यानं बाजूला व्हावंच. मंडळी चालवणाऱ्यांनो, माझी विनंती एवढीच. मला बाहेर ठेवाल तेव्हा दार लावून घेऊ नका. आत काय गातात ते मलाही ऐकायचं असतं.