हिंदुरावांच्या विहिरीचं पाणी

तीस-एकतीस सालची गोष्ट. भवानी पेठेत तेव्हा ज्याच्या परसात विहीर, त्याची मान ताठ. सोजरबाईची जरा जास्तच ताठ, कारण ती विहीर तिच्या नवऱ्यानं, हिंदुरावांनी, स्वतः पहार घेऊन खणलेली. लग्नानंतरच्याच वर्षी. पाणी लागलं तेव्हा चिखलानं माखलेला तो माणूस खालून ओरडला होता, "सोजर, पाणी आलं गं!" काय दिवस होते ते! हिंदुराव जाऊन चार वर्षं झाली, तरी विहिरीवर गेलं की सोजरबाईला ती हाक ऐकू यायची आणि घागर रिकामीच हातात राहायची.

घरात मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटलेला. सून मथुरा येऊन दीड वर्ष झालं, पण पोरीच्या हातची तुरीची डाळ काही शिजेना. दोन-दोन तास चूल जाळावी, आणि डाळ दाताखाली कटकट वाजावी. मथुरा एकदा भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, पाणीच जड आसंल का?" झालं!

"नाचता येईना अंगण वाकडं! माज्या मालकाच्या हिरीला नावं ठेवतीस व्हय?"

त्याच तिरमिरीत सोजरबाईनं टेंभुर्णीला व्याह्याला निरोप धाडला, गुरुवारी या आणि पोरीला कायमची घेऊन जा. आता खरं सांगायचं तर खुद्द सोजरबाईची डाळही जन्मात कधी धड शिजली नव्हती. पण आपलाच उणेपणा सुनेत दिसला की माणूस जास्त कडू होतं, त्याला काय करणार?

मंगळवारी सकाळी गल्लीतला इलाहीबक्ष रंगारी तणतणत आला. नळाला पाणी नव्हतं म्हणून आदल्या दिवशी त्यानं हिच्या विहिरीचं पाणी नेलं होतं. हिरड्यात भिजवलेलं त्याचं सूत त्या पाण्यानं काळंकुट्ट झालं होतं.

"वैनी, हिरीत लोखंड हाय!"

"मग लोहाराला बोलवा की!"

इलाहीबक्षनं वाद घातला नाही. वाटीत पाणी घेतलं, हिरड्याच्या पुडीची चिमूट टाकली. बघता बघता पाण्याची शाई झाली. मग त्यानं रांजणाच्या बुडाचा तांबडा गाळ आणि हंड्याच्या आतलं पांढरं किटण बोटानं खरवडून दाखवलं. "ह्ये लोखंड, ह्ये चुनखडी. आसल्या पाण्यात डाळ कशी शिजंल? पाणी वळखण्यावरच पोट हाय आमचं."

उपायही त्यानंच सांगितला. पाणी उंचावरनं ओतायचं, वारं लागू द्यायचं. त्यात चुन्याची निवळी घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी वरचं पाणी तेवढं काढून वाळू-कोळशाच्या मडक्यातनं गाळायचं.

"चुनखडीवर परत चुनाच?" सोजरबाईनं विचारलं.

"काट्यानं काटा काढायचा, वैनी."

बुधवारी सोजरबाईनं स्वतःच गाळणीसाठी मडक्याच्या बुडाला भोक पाडलं.

गुरुवारी मथुरेचा बाप जोतीराम आला आणि खाली मान घालून ओसरीवर बसला. आत मथुरेनं त्या गाळलेल्या पाण्यात डाळ टाकली होती. तासाभरात तिनं डाव फिरवला तर वरण अगदी लोण्यासारखं मऊ! सोजरबाईनं पहिला घास तोंडात घातला. चावावं लागलंच नाही. तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"मीठ जास्त झालं का?" मथुरा घाबरली.

"सोळा वरसं," सोजरबाई म्हणाली, "सोळा वरसं माजी कच्ची डाळ चावून खाल्ली त्यांनी. रोज म्हणायचे, बेस झालीया. मला कदी येका शबुदानं बोलले न्हाईत गं. आन् मी तुला दीड वरसात घराभाईर काढाया निगाले."

जोतीराम दारात येऊन उभा राहिला होता. त्याला ती म्हणाली, "बसा पावनं, जेवा. पोर कुटं जात न्हाय."

मथुरा सासूच्या ताटात आणखी वरण वाढायला वाकली. सोजरबाईनं ताटावर हात आडवा धरला.

"मला नगं. आसली डाळ त्यांस्नी येक दिस बी मिळाली न्हाई."