पाळणाघरातली दहा मिनिटं

दुधाच्या बाटलीवर नाव नसेल तर दहा रुपये.

सटाण्यात सिंधुबाईंच्या अंगणातल्या लिंबाला नवा झोका बांधून झाला आहे. दोर जाड, फळीवर उशी.

चिमणाबाईंना चष्मा लागला. फ्रेम तपकिरी, काड्या जरा सैल.

कंपनीची बस पाथर्डी फाट्यावरून आठ पंचावन्नला सुटते. कुणासाठी थांबत नाही.

खंडेरावांनी उभ्या आयुष्यात एकही एसटी चुकवली नाही. त्यांच्या घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं, आणि त्यांची मुलं त्याच घड्याळांवर मोठी झाली.

अडीच वर्षांची आरोही कुणाला नखं कापू देत नाही. एक माणूस सोडून.

कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ता खणलाय. सगळ्यांनाच सगळीकडे उशीर होतो.

*

सायली अंबडच्या एका कारखान्यात विजेची बटणं तपासते. दाबायचं, सोडायचं, पुढे सरकवायचं. तिचा नवरा हर्षल सिन्नरला कामाला आहे. सकाळी सातला निघतो, परतायला रात्रीचे आठ होतात. म्हणून त्यांची आरोही दिवाळी झाल्यापासून कलाताईंच्या पाळणाघरात जाते.

एका रो-हाउसचा तळमजला. वरच्या मजल्यावर कलाताई राहतात. खाली अकरा मुलं, सहा गाद्या, एक प्लास्टिकचा घोडा, आणि चिमणाबाई. चिमणाबाईंनी साठी ओलांडली आहे. विल्होळीहून त्या सव्वाआठलाच येऊन पोचतात, किल्ली त्यांच्याकडेच असते. झाडून-पुसून घेतात, आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले की मुलांसाठी दार उघडतात.

दारामागे फलक आहे. कलाताईंचं अक्षर सुरेख.

महिना ५५००, डबा घरचा.
वेळ ९ ते ६.३०.
९ च्या आधी सोडल्यास रोज ५०.
६.३० नंतर दर पंधरा मिनिटांना ५०.
मार्च ते जून कूलर ३००.
कपडे दोनपेक्षा जास्त वेळा बदलावे लागल्यास

ही शेवटची ओळ फलकावर मावली नाही. किती द्यायचे ते तोंडी सांगतात.

*

पहिल्या दिवशी सायली घाबरत आली होती. पाळणाघर नऊला उघडतं आणि तिची बस आठ पंचावन्नची. पण आठ पन्नासला दार उघडंच होतं. तिने ते नशीब समजलं आणि पुन्हा त्याचा विचार केला नाही.

विचार केला तो संध्याकाळचा. पावणेसहाला कारखान्यातून सुटलेली बस खणलेल्या रस्त्यातून अडखळत फाट्यावर यायची. तिथून ती पळत निघायची. दारात पाय ठेवला की समोर घड्याळ: सहा अडतीस. वहीत सही, पुढे पन्नास. दुसऱ्या दिवशी सहा सदतीस. पन्नास. एकदा ती चप्पल हातात घेऊन पळाली. सहा छत्तीस.

महिन्याचे बावीस दिवस. अकराशे रुपये. सायलीच्या हातात चौदा हजार आठशे येतात.

हर्षलने नोकरी सोड असं कधी म्हटलं नाही. त्याने फक्त हिशेब मोठ्याने केला. फी, उशिराचे, मार्चपासून कूलर. मग म्हणाला, आईकडे ठेवूया का, शाळेचं वय होईपर्यंत. दीड वर्षाचा तर प्रश्न.

हर्षलची आई, सिंधुबाई, सटाण्याहून फोनवर वाट बघतच होत्या.

"पोरले आठे धाडी द्या," त्या म्हणाल्या. "आठे काय कमी शे?"

तिथे कमी काहीच नव्हतं. दूध होतं, अंगण होतं, माया होती. सटाणा लांबही नव्हतं. दर रविवारी जाता आलं असतं, निदान दर दुसऱ्या रविवारी तरी. सायलीने हो म्हटलं, आणि त्या दिवशी तिच्या हातून एक नादुरुस्त बटण पुढे सरकलं. चार वर्षांत पहिलं.

ठरलं असं: येत्या शनिवारी सकाळी सिंधुबाई येणार, पोरीच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवी आणणार.

*

शुक्रवार, ५.४१.

पालकांच्या ग्रुपवर फोटो आला. कलाताई रोज एक टाकतात. आज आरोही घोड्यावर बसली होती, तोंडाभोवती केळं. सायली नुकतीच बसमध्ये चढली होती. उद्यापासून असा फोटो येणार नव्हता, म्हणून तिने तो मोठा करून पाहिला. हात पाहिले. फ्रॉक पाहिला. मागची भिंत पाहिली.

भिंतीवर घड्याळ होतं. घड्याळात सहाला नऊ मिनिटं कमी होती.

तिने मोबाईलच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. फोटो आला तेव्हा पाच एक्केचाळीस. फोटोत पाच एक्कावन्न. तिच्या हातात आलेल्या फोटोत अजून न झालेली वेळ होती.

*

बसमध्ये तयार केलेलं भाषण:

कलाताई, तीन महिने मी वेळेवर येते आहे. तीन महिने तुम्ही माझ्याकडून रोज पन्नास घेता आहात. माझी मुलगी त्या पैशांपायी सटाण्याला चालली आहे. मला सगळे पैसे परत पाहिजेत आणि मला तुमच्या तोंडून ऐकायचं आहे की हे चूक आहे.

(शेवटचं वाक्य तिने दोनदा बदललं. आधी तिथे 'लबाडी' होतं.)

*

प्रत्यक्षात:

मोबाईलमध्ये सहा अठ्ठावीस. भिंतीवर सहा अडतीस. सायलीला दम लागला होता. तिने मोबाईल घड्याळाच्या शेजारी धरला.

कलाताईंनी पाहिलं. मग स्वतःचा मोबाईल काढून पाहिला. मग खुर्चीत बसल्या.

त्यांना वाटायचं घड्याळ थोडं पुढे असेल, चिमणाबाईंनी बससाठी ठेवलं असेल. असतंच की घरोघरी. चिमणाबाईंना वाटायचं कलाताईंनी लावलं ते बरोबर असणार. त्यांची पावणेसातची बस इथल्या घड्याळाप्रमाणे रोज दहा मिनिटं उशिरा यायची, आणि त्या कंडक्टरला रोज त्याबद्दल सुनवायच्या. कंडक्टर बिचारा हसायचा.

चिमणाबाई आतल्या खोलीत खिडकीपाशी आरोहीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डोळ्यांवर नवा चष्मा, हातात नेलकटर. आरोही एकेक बोट स्वतःहून पुढे करत होती.

कलाताईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या, घड्याळ काढायला हात घातला आणि तशाच थांबल्या.

"सकाळी तू किती वाजता सोडतेस हिला?"

सायलीने भाषणात हा प्रश्न धरला नव्हता.

"आठ पन्नासला," ती म्हणाली.

दोघींनी फलकाकडे पाहिलं. नऊच्या आधी सोडल्यास रोज पन्नास. म्हणजे घड्याळ बरोबर असतं तरी तेवढेच झाले असते, फक्त सकाळचे. आणि नऊला दार उघडलं असतं तर बस गेली असती, बसबरोबर नोकरी. या घड्याळाने संध्याकाळी जी दहा मिनिटं तिच्याकडून घेतली, तीच सकाळी न मागता दिली होती. घेतलेली तिने रोज मोजली. मिळालेली एकदाही नाही.

तरी ती म्हणाली, कारण आता न म्हणून उपयोग नव्हता, की सकाळी चिमणाबाई सव्वाआठपासून इथेच असतात. दार उघडायला कुणाला वेगळं यावं लागत नाही. मग ते पन्नास कशाचे?

कलाताई स्टुलावरून उतरल्या. त्यांना राग आला होता, पण तो आवाजात येईपर्यंत विरला. त्या सांगत गेल्या. खालच्या मजल्याला विजेचं मीटर आता दुकानाच्या दराने लागतं. मागच्या वर्षी दोन मुलांचे आईबाप तीन महिन्यांची फी न देता घर बदलून गेले. फी वाढवली तर तीन पालक लगेच दुसरीकडे बघतात, म्हणून महिन्याची रक्कम तीच ठेवायची आणि खाली ओळी वाढवत जायच्या. त्यांनाही तो फलक आवडत नव्हता. आणि संध्याकाळचे पन्नास त्या ठेवतच नव्हत्या. उशिराचे पैसे जी बाई थांबते तिचे, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम होता.

म्हणजे सायलीचे तीन महिन्यांचे पैसे चिमणाबाईंकडे गेले होते.

आतून नेलकटरचा आवाज येत होता. टिक. थोडा वेळ शांत. टिक.

सायलीला त्या तपकिरी फ्रेमकडे बघणं टाळता येईना. डिसेंबरपर्यंत चिमणाबाई नखं कापायला नको म्हणायच्या, दिसत नाही, पोरीचं बोट कापलं जाईल. संक्रांतीनंतर कापू लागल्या होत्या.

तिने पैसे परत मागितले नाहीत. ती एवढंच म्हणाली, की उद्या आरोहीची आजी तिला न्यायला येते आहे. सोमवारपासून ती येणार नाही. महिन्याचे अकराशे वाचले असते तर कदाचित वेगळं ठरलं असतं.

टिक थांबलं.

"कुठं न्यायला?" चिमणाबाई आतून म्हणाल्या.

चिमणाबाई आरोहीला कडेवर घेऊन दारात आल्या. सायलीकडे चष्म्यावरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं.

"अकराशे म्हंजे माझेच की," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, चिमणाबाई."

"तसंच हे. मला काय ठावं, तुम्ही येळेत येता म्हणून. मी म्हणायची, भली बाई हे, रोज उशिरा येती पण कुरकुर नाय करत." मग त्यांनी चष्मा नाकावर सारला. "चष्मा झाला माझा. कवळी लागंल तवा बघू. तवा या परत उशिरा."

कलाताई हसल्या. सायलीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग दुसरं काही येऊ लागलं, म्हणून ती खाली वाकून आरोहीचे बूट शोधू लागली. बूट समोरच होते.

कलाताईंनी वही उघडली. आजची ओळ लिहून ठेवली होती, सहा अडतीस. ती खोडली.

"असं कर," त्या म्हणाल्या. "सकाळी ह्या घड्याळाने, संध्याकाळी तुझ्या मोबाईलने."

सायलीला आधी कळलं नाही. मग कळलं. सकाळी आठ पन्नासला इथे नऊ वाजलेले असतील आणि संध्याकाळी सहा अठ्ठावीसला सहा अठ्ठावीसच. दोन्हीकडे पन्नास नाहीत.

"इतर पालकांनी विचारलं तर?"

"घड्याळ आहे तिथेच आहे. ज्याला वर बघायचं तो बघेल." मग त्यांनी वही मिटली. "कूलरचं मात्र बोलू नकोस. कूलरचे द्यावेच लागतील."

सायलीने मान हलवली. कूलरचे तीनशे जास्त आहेत हे तिचं मत तसंच राहिलं.

बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. चिमणाबाईंनी आतलं बटण दाबलं. आरोहीने उरलेलं बोट पुढे केलं, डाव्या हाताची करंगळी. नऊ नखं कापून झाली होती.

"आता नाय," चिमणाबाई तिला म्हणाल्या. "दिवं लागल्यावर नख नाय कापायचं. हे सोमवारी."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, सहा त्रेपन्न, आणि सवयीने पिशवी उचलून पळत सुटल्या. फाट्यापर्यंत पोचल्या तेव्हा बस यायची होती. तिकीट घेताना त्या कंडक्टरला म्हणाल्या, चुकलं माझं. कंडक्टरला काय चुकलं ते समजलं नाही.

*

शनिवार.

हर्षलने रात्रीच आईला फोन करून सांगितलं होतं. तरी सिंधुबाई सकाळच्या एसटीने आल्या. काखेत रिकामी पिशवी होतीच. पिशवी घडी करून त्यांनी उशीखाली ठेवली.

दुपारी त्या आरोहीचे हात बघत बसल्या. सगळी नखं बारीक, एक लांब. हे एकच का ठेवलं, त्यांनी विचारलं.

"सोमवार," आरोही म्हणाली.

सायलीने समजावून सांगितलं. चिमणाबाई कोण, चष्मा कुठला, घड्याळ कसं. सिंधुबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. करंगळी हातातून सोडली नाही.

"मंग सुट्टीमा या," त्या म्हणाल्या. "झोका तठेच शे."

हर्षल गॅलरीत उभा होता. घड्याळाची गोष्ट ऐकताना त्याने एकदा डोकं खाजवलं, काहीतरी आठवल्यासारखं, आणि मग दोरीवरचे कपडे काढायला लागला. ते अजून वाळलेले नव्हते.

*

तीन महिन्यांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, सायली आतल्या खोलीत पाळणाघराच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती तेव्हा, भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. हर्षलने कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणून घातला, आणि काटे फिरवून लावले ते त्याच्या वडिलांच्या, खंडेरावांच्या घरच्यासारखे.