झोळीचा वाकडा खांब

मी एक जुना सागाचा खांब आहे आणि बागेत वाकडा उभा आहे. मित्रांनो, हसू नका. मला मुद्दाम वाकडा उभा केला आहे, आणि ज्याने केला त्याला त्याचं काम कळत होतं.

या घरातल्या वहिनी दिवसभर शिवणयंत्रावर वाकून बसत. पाठ इतकी धरायची की संध्याकाळी सरळ उभं राहवत नसे. पाय वर घेऊन तासभर पडायला मिळावं म्हणून त्यांना बागेत जाळीची झोळी हवी होती. "घरादाराने झोळी घेतली म्हणायची!" असं शेजारीण म्हणाली, आणि वहिनी स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

सुतारमामांनी एकाच ओंडक्यातून मला आणि माझ्या भावाला काढलं. कुणाला लाकडाचं कुसळ टोचू नये म्हणून कडा घासल्या, पायांना डांबर लावलं, कड्या बसवल्या. मग दोन हात खोल खड्डे खणून, तळाशी खडी घालून, आम्हाला काँक्रीटमध्ये उभं केलं. दोघांनाही जरा बाहेरच्या बाजूला कलतं. "माणूस झोळीत बसलं की खांब आत ओढला जातो. म्हणून आधीच बाहेर झुकवायचा," मामांनी समजावलं. "आता आठ दिवस कुणी हात लावू नका."

वहिनींचे यजमान अण्णा. त्यांचा सगळा जन्म मोजणीच्या कचेरीत गेला. घरातली तसबीर केसभर तिरकी झाली तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. मामांची पाठ वळताच त्यांनी सरळपणा तपासायची पाणसळ आणली, माझ्या भावाला लावली आणि कपाळाला हात मारला. ओल्या काँक्रीटमध्ये उभ्या असलेल्या माझ्या भावाला त्यांनी दोरी बांधून ओढला, सरळ केला, मागे पडलेल्या फटीत विटांचे तुकडे ठोकले आणि वरून माती सारवली! तेवढ्यात जेवायची हाक आली. जेवणावर अण्णांनी डुलकी काढली आणि उठून माझ्याकडे आले, तोवर काँक्रीटने माझा पाय घट्ट धरला होता. त्यांनी खांदा लावून पाहिला. मी हललो नाही. तेव्हापासून त्यांनी माझ्यावर डूख धरला.

चार वर्षं आम्ही वहिनींना तोललं. संध्याकाळी त्या झोळीत पडल्या आणि त्यांनी "हुश्श" म्हटलं की माझ्या अंगातला शीण जाई. पण कौतुक कुणाचं? पाहुणे आले की अण्णा भावाच्या पाठीवर थाप मारत. "हा बघा, कसा ओळंब्यात आहे! आणि तो बघा सुताराचा नमुना." धाकट्या नातीनेही मला 'वाकड्या' नाव ठेवलं. भावाला दरवर्षी तेल मिळे, मला उरलंसुरलं फडकं. मला भावाचा हेवा वाटला नाही, कारण त्याचा पाय हलतो आहे हे मला दोरीतून कळत होतं. वहिनी बसल्या की तो बोटभर आत येई.

एका दुपारी तो मुळासकट आडवा झाला. वहिनी जमिनीवर आपटल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात तो!

आणि अण्णा काय म्हणाले? "सुताराने किडकं लाकूड दिलं. फसवलं आपल्याला." गल्लीभर सांगत फिरले. करून सवरून नामानिराळे! महिन्याभरात या गल्लीत मामांना साधी खिडकीची फळी बसवायलाही कुणी बोलवेना.

मामा आपणहून आले, खांद्यावर पहार घेऊन. "माझा खांब का पडला, ते मला बघू द्या." त्यांनी भावाला कापून दाखवलं. आतलं लाकूड लख्ख, कीड नावाला नाही. मग खड्डा उकरला. विटांचे तुकडे एकेक करून त्यांनी वहिनींच्या पायाशी ठेवले. "वहिनी, हे मी घातलेले नाहीत."

वहिनींनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा पुटपुटले, "मी फक्त सरळ केला होता."

फक्त!

"ज्यांना ज्यांना सांगितलंत ना, सुताराने फसवलं म्हणून," वहिनी म्हणाल्या, "त्यांच्या दारात जाऊन आता हेही सांगा. तोवर मी या झोळीत बसायची नाही."

"सांगतो की. उद्या सांगतो," अण्णा म्हणाले.

मामांनी माझ्यासमोर नवा खांब उभा केला, बाहेर कलता, आणि पहार उचलून गेले. अण्णांनी त्याला बोटही लावलं नाही. दोन वर्षं झाली या गोष्टीला. झोळी घडी करून कपाटात पडली आहे. वहिनी मनगट चोळत पायरीवर बसतात, पाठ भिंतीला टेकवतात, आणि माझ्याकडे पाहून आत जातात. मामांना अजून या गल्लीत काम नाही. अण्णा रोज सकाळी फाटकापर्यंत जातात, शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारतात आणि परत येतात.

मित्रांनो, आम्हा लाकडांना तेल लावा, आमच्या पायाशी पाणी साचू देऊ नका, हे तर मी मागतोच. पण ते राहिलं तरी एक वेळ चालेल. माझ्या डोळ्यांदेखत एका कारागिराचं नाव बुडालं आणि मला काही करता आलं नाही, कारण मला तोंड नाही. अण्णांना आहे. तुम्हालाही आहे.